वही, डीबेस, टॅली: छोट्या धंद्यानं आपलं सॉफ्टवेअर कसं निवडलं

या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी काढलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणाचं हार्डवेअरचं दुकान आहे, कुणाचं आठ माणसांचं वर्कशॉप, कुणाची बायको घरून मसाले करून विकते. प्रश्न सगळ्यांचा एकच: सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? साधं हवं आणि आमच्या पद्धतीनं बदलून घेता आलं पाहिजे.

एक नाव सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण आज सांगितलेलं नाव तीन वर्षांनी कामाचं राहील याची खात्री नाही. आणि मुख्य म्हणजे "साधं" आणि "बदलता येणारं" या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात. बदलायची सोय जितकी जास्त, तितकी बटणं जास्त, सेटिंग जास्त, शिकायचं जास्त. हे भांडण नवीन नाही. गेल्या पंचेचाळीस-पन्नास वर्षांत लोकांनी ते वेगवेगळ्या पद्धतीनं सोडवून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागलीय. तो हिशोब आज मांडू.

आधी वही

कॉम्प्युटरच्या आधी आपल्याकडे काय होतं? वही. लाल कापडाची, लांबट, दोऱ्यानं शिवलेली. आत छापील रेघा नसायच्या. कागदाला घड्या घालून रकाने पाडायचे. ज्याला जितके रकाने हवेत तितक्या घड्या. रोजची नोंद कीर्दीत, तिथून माणसागणिक खतावणीत, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेनं बघा. ही वही साधी होती, कारण कोऱ्या कागदापेक्षा साधं काय असणार? आणि बदलता येण्यासारखी होती, कारण उद्या हमालीचा वेगळा रकाना हवा झाला तर आणखी एक घडी घालायची, संपलं. पण तिचं एक दुखणं होतं. ती वाचायला दिवाणजी लागायचा. कोणता रकाना कशाचा, कुठली खूण कशाची, हे त्याच्या डोक्यात. शिवाय अक्षर मोडी. दिवाणजी सोडून गेला की मालकाला स्वतःचीच वही परकी वाटायची.

हे दुखणं लक्षात ठेवा. पुढे ते परत परत भेटणार आहे, फक्त दिवाणजीचे कपडे बदललेले असतील.

फळा, खडू आणि डस्टर

आता थेट १९७८ साल, अमेरिका. डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एमबीए करतोय. वर्गात फळ्यावर आकड्यांचं मोठं कोष्टक मांडून शिकवायची पद्धत. एक आकडा चुकला की तो पुसायचा, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडेही पुसून नव्यानं लिहायचे. ब्रिकलिनच्या डोक्यात आलं की एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलणारा फळा का असू नये?

त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यानं त्याचा प्रोग्रॅम लिहिला. बरंचसं काम रात्रीचं, कारण ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर वेळ भाड्यानं घेऊन ते काम करायचे त्याचा रात्रीचा दर कमी होता. १९७९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर तो बाजारात आला. नाव व्हिजिकॅल्क, किंमत साधारण १०० डॉलर. आणि तो चालवता यावा म्हणून लोक त्याच्या कित्येक पट किमतीचा कॉम्प्युटर विकत घ्यायला लागले. तोपर्यंत घरगुती कॉम्प्युटर ही हौशी मंडळींची गोष्ट होती. हिशोबनीस, छोटे कारखानदार, दुकानदार त्याच्याकडे वळले ते या एका प्रोग्रॅममुळे.

का वळले, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचं. व्हिजिकॅल्कला तुमच्या धंद्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. त्यात "गिऱ्हाईक" नव्हतं, "माल" नव्हता, "कर" नव्हता. होते फक्त चौकोन. कोणत्या चौकोनाला काय म्हणायचं हे तुम्ही ठरवायचं. म्हणजे ती घड्या घातलेली वहीच, फक्त बेरीज स्वतः करणारी. प्रोग्रॅमर न बोलावता मालक स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतः बनवत होता, आणि आपण प्रोग्रॅमिंग करतोय हे त्याला कळतही नव्हतं.

१९८३ च्या जानेवारीत मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांचं लोटस १-२-३ आलं. कोष्टक, आलेख आणि छोटा डेटाबेस, तिन्ही एकात, म्हणून १-२-३. आयबीएम पीसीवर ते इतकं वेगानं चाललं की व्हिजिकॅल्क मागे पडलं, आणि १९८५ मध्ये लोटसनं व्हिजिकॅल्क बनवणारी कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं, आधी मॅकिंटॉशवर, मग १९८७ मध्ये विंडोजवर.

एक गंमत सांगतो. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ ते लीप वर्ष धरायचं. त्या वर्षीची २९ फेब्रुवारी, जी कधी उजाडलीच नाही, ती लोटसच्या दिनदर्शिकेत होती. लोटसच्या फायली आपल्याकडे जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक मुद्दाम तशीच ठेवली. आजही एक्सेल उघडून बघा, ती तारीख घेतं. कंपन्यांची लढाई संपली, लोटस गेलं, पण लोकांच्या फायलींचा मान राखायला ती चूक जिवंत राहिली. यातून एवढं कळतं की फायलीचं आयुष्य सॉफ्टवेअरपेक्षा मोठं असतं. हा आपला आजचा पहिला धडा.

फुटबॉलच्या पैजेतून डेटाबेस

स्प्रेडशीट आकड्यांना छान. पण "ज्यांची उधारी ९० दिवसांच्या वर गेलीय ते सगळे दाखव" असं विचारायचं झालं की तिथे दम लागतो. त्याला हवा डेटाबेस. आणि छोट्या माणसाला डेटाबेस मिळाला तो एका फुटबॉलच्या पैजेमुळे.

वेन रॅटलिफ हा कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करायचा, जिथून ग्रहांकडे यानं जातात ती जागा. ऑफिसात फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लागायच्या. ती जिंकायची म्हणून यानं आकडेवारी साठवायला घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला. नमुना घेतला लॅबच्या मोठ्या कॉम्प्युटरवरच्या एका प्रणालीचा. नाव ठेवलं व्हल्कन, स्टार ट्रेकमधल्या मिस्टर स्पॉकच्या ग्रहावरून. तो स्वतः विकायला गेला तेव्हा फारसा खपला नाही. मग जॉर्ज टेट या विक्रेत्यानं तो हाती घेतला, नाव दिलं डीबेस टू. डीबेस वन कधी नव्हतंच, पण "टू" म्हटलं की माल मुरलेला वाटतो. कंपनीचं नाव ॲश्टन-टेट, आणि त्यातला ॲश्टनही कुणी नव्हता. मार्केटिंग आजच सुरू झालंय असं समजू नका.

डीबेसमध्ये स्क्रीनवर फक्त एक ठिपका दिसायचा. त्यापुढे आज्ञा टाइप करायची. "यूज" म्हणून फायलीचं नाव दिलं की फाइल उघडली. "लिस्ट" म्हटलं की यादी. "लिस्ट फॉर" म्हणून अट घातली की तेवढीच नावं. या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाला प्रोग्रॅम. म्हणजे चढण फार सौम्य होती. पहिल्या दिवशी यादी बघायची, महिन्याभरात बिल छापायचं, वर्षभरात अख्खं दुकान चालवायचं. साधेपणा आणि बदलाची सोय यांच्यातलं भांडण डीबेसनं असं सोडवलं. सुरुवात साधी ठेवली आणि पुढचं दार बंद केलं नाही.

१९८८ मध्ये ॲश्टन-टेटनं डीबेस फोर आणलं आणि ते दोषांनी भरलेलं निघालं. त्याच वर्षी कंपनीनं फॉक्स सॉफ्टवेअर या स्पर्धकावर खटला भरला, कारण त्यांचं फॉक्सबेस डीबेसचीच भाषा वापरायचं. १९९० मध्ये न्यायाधीशांनी उलटाच निकाल दिला. डीबेसचं मूळ त्या लॅबच्या प्रणालीत आहे हे तुम्ही लपवलंत, म्हणून तुमचा कॉपीराइटच ग्राह्य नाही. पुढे तो आदेश मागेही घेतला गेला, पण तोवर १९९१ उजाडलं होतं आणि ॲश्टन-टेटची विक्री बोरलँडला झाली.

आता विचार करा, ज्या दुकानदारांनी आपला सगळा धंदा डीबेसवर टाकला होता त्यांचं काय झालं? फार काही नाही. कारण त्यांच्या .डीबीएफ फायली क्लिपर आणि फॉक्सप्रो हेही वाचायचे, आणि आज्ञाही जवळजवळ त्याच. कंपनी बुडाली, दुकान चालू राहिलं. .डीबीएफची रचना इतकी सरळ की सुरुवातीला रकान्यांची यादी, मग एकाखाली एक नोंदी, आकडेसुद्धा साध्या अक्षरांत लिहिलेले, तारीख आठ अंकी. आजही लिबरऑफिसमध्ये ती फाइल उघडते. नकाशांच्या जगात शेपफाइल नावाचा प्रकार आहे, त्यातली माहिती अजून .डीबीएफमध्येच असते. एका पैजेसाठी सुरू झालेली गोष्ट कुठपर्यंत गेली बघा.

आपल्या गावातले फॉक्सप्रोवाले सर

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ही लाट तालुक्याच्या गावापर्यंत आली. कॉम्प्युटर क्लासेस निघाले, तिथे डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस किंवा फॉक्सप्रो शिकवायचे. क्लास घेणारे सरच संध्याकाळी बाजारपेठेत जाऊन दुकानदारांना प्रोग्रॅम लिहून द्यायचे. अडत्याला तोलाई-हमाली वजा करून पट्टी छापणारा, पतसंस्थेला पिग्मीचा हिशोब ठेवणारा, औषधवाल्याला एक्स्पायरीची तारीख दाखवणारा.

मराठीत काम करायची सोयही होत होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड आलं. हे कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसवरच्या डीबेस-लोटससारख्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायची. पण पुढे विंडोज आल्यावर प्रत्येक मराठी फॉन्टचा कोड वेगळा झाला. एका फॉन्टमध्ये लिहिलेली गिऱ्हाइकाची नावं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं. युनिकोड रुळेपर्यंत कित्येकांच्या याद्या अशा अडकल्या. मोडीतली वही दिवाणजीशिवाय वाचता येईना, तीच कथा. फक्त आता दिवाणजी म्हणजे फॉन्ट.

माझ्या मामांचं सांगलीकडे पाइप आणि मोटारपंपाचं दुकान आहे. त्यांच्याकडे अशाच एका सरांनी लिहिलेला फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम २०१७ पर्यंत चालू होता. निळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसचा संबंध नाही. मामांना पाइपचा भाव फुटावर आणि विक्री नगावर हवी होती, ते त्यात होतं. शेतकऱ्याची उधारी कोणत्या पिकावर फिटणार, म्हणजे ऊस की हळद, याचा रकाना होता. असा रकाना कोणत्याही तयार पॅकेजमध्ये मी अजून पाहिलेला नाही. मामांचं वसुलीचं सगळं वेळापत्रक त्या एका रकान्यावर चालायचं.

मग जीएसटी आला. सर तोवर मुलाकडे दुसऱ्या राज्यात गेलेले. प्रोग्रॅमचा मूळ कोड कुणाकडेच नाही, दुकानात होती फक्त चालणारी फाइल. मामा म्हणाले, "अरे, मोटार चालतीय पण चावी कुणाकडंच नाय." त्यांना वाचवलं ते .डीबीएफनं. गिऱ्हाइकं, माल, बाकी, सगळं मी लिबरऑफिसमध्ये उघडलं, आणि दोन रविवारांत ते नवीन पॅकेजमध्ये गेलं. पिकाचा रकानासुद्धा.

याच्या उलट आमच्या पुण्यातल्या गल्लीत एक बेकरी आहे. त्यांनी मोबाइलवर चालणारं एक बिलिंग ॲप घेतलं होतं. दिसायला देखणं, शिकायला अर्धा तास. ते ॲप बंद झालं तेव्हा हाती लागल्या जुन्या बिलांच्या पीडीएफ. कोण किती देणं लागतो हे काढायला त्या काकू महिनाभर रात्री बसून बिलं वाचत होत्या. काही उधारी सोडूनच द्यावी लागली. साधेपणात त्या ॲपनं बाजी मारली होती, पण बाहेर पडायचं दार ठेवलेलं नव्हतं.

बापानं मुलाला सांगितलेलं काम

आता अशा एका सॉफ्टवेअरकडे येऊ ज्याचं नाव आपल्याकडे हिशोबाला पर्यायी शब्द झालंय. टॅली.

श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल, यंत्रांचे भाग पुरवायचे. हिशोबासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोयंकांना, सांगितलं की तूच लिही. १९८६ मध्ये बंगळुरूत त्यातून कंपनी उभी राहिली, नाव प्युट्रॉनिक्स. पुढे १९९९ मध्ये ती टॅली सोल्यूशन्स झाली. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

टॅलीनं वेगळं काय केलं? त्या काळच्या हिशोबाच्या पॅकेजमध्ये प्रत्येक खात्याला कोड द्यावा लागायचा. रमेश ट्रेडर्स म्हणजे अमुक आकडा, वीजबिल म्हणजे तमुक. कोड कॉम्प्युटरच्या सोयीसाठी, पाठ करायचे मुनीमजींनी. टॅलीनं कोड काढून टाकले. खात्याचं नाव हेच खातं. "रमे" टाइप केलं की रमेश ट्रेडर्स समोर. जो माणूस वीस वर्षं वहीत नावं लिहीत आलाय त्याला नवीन काही पाठ करायचं नव्हतं. म्हणून टॅली साधं वाटलं. आत हिशोबाचं शास्त्र पूर्ण होतं, पण बाहेरची भाषा मुनीमजींची होती.

आणि बदलाचं काय? टॅलीकडे टीडीएल नावाची स्वतःची भाषा आहे. टॅलीच्या पडद्यांची व्याख्याही त्याच भाषेत. तिच्यातून बाहेरचा माणूस बिलावर नवा रकाना आणू शकतो, नवा अहवाल काढू शकतो. यातून गावोगावी "टीडीएल करून देणारे" तयार झाले, म्हणजे फॉक्सप्रोवाल्या सरांचीच पुढची पिढी. फरक मोठा आहे. आता पाया कंपनीचा आणि वरची माडी स्थानिक माणसाची. स्थानिक माणूस निघून गेला तर माडी पडेल, घर पडणार नाही.

पाया दुसऱ्याचा का हवा, याचं उत्तर आपल्या करप्रणालीत आहे. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा मुख्य दर ५, १२, १८ आणि २८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यातले १२ आणि २८ काढून बहुतेक माल ५ आणि १८ वर आणला. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असेल तर व्यापाऱ्याला व्यापाऱ्याशी केलेल्या विक्रीचं ई-इन्व्हॉइस करावं लागतं. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहिलाच पाहिजे, आणि तो बंद करता येता कामा नये.

हे सगळं एकट्या सरांनी दर वेळी लिहून द्यायचं म्हटलं तर कठीण आहे. म्हणून मी म्हणतो की धंद्याचे दोन भाग करा. कर, ताळेबंद, बिलाचा कायदेशीर नमुना, हे सगळ्यांचं सारखं. ते तयार घ्या, त्यात हात घालू नका. उधारी कोणत्या पिकावर फिटणार, हे फक्त तुमचं. बदल करून घ्यायचा तो तिथे.

६५,५३६ वी ओळ

"मग एक्सेलच का नको?" हा प्रश्न येणारच. एक्सेल चांगलंच आहे. सुरुवात त्यानंच करा, असंही सांगेन. पण ते कुठे थांबवायचं ते माहीत हवं.

२०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात काय झालं ते आठवतं का? कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या .एक्सएलएस प्रकारच्या फायलींत भरले जात होते. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गळून पडल्या. १५,८४१ रुग्णांची नोंद आकडेवारीत वेळेवर आली नाही आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा सुरू झाला. एवढ्या मोठ्या देशाची यंत्रणा, आणि अडकली कुठे, तर कोष्टकाच्या तळाला.

आपल्या दुकानात एवढ्या ओळी होणार नाहीत, मान्य. आपल्याकडे एक्सेल वेगळ्या जागी फुटतं. दोन माणसं एकाच वेळी दोन प्रती भरतात. कुणीतरी सूत्राच्या चौकोनात आकडा टाइप करतं आणि बेरीज तिथून पुढे खोटी बोलायला लागते. "फायनल", "फायनल २", "फायनल खरी" अशा फायली होतात. हे दिसायला लागलं की समजायचं, वही भरली. आता खतावणी वेगळी करायची वेळ आली.

फर्निचरवाल्यांची गोष्ट

मुंबईत रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. मोठ्या कारखान्यांसाठी बनलेलं ईआरपी तिथे नीट बसेना. त्यातून त्यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली, २००८ मध्ये कंपनी काढली आणि पुढे ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर खुल्या परवान्यावर सगळ्यांना दिलं. म्हणजे मूळ कोड कुणीही बघू शकतो, उतरवून घेऊ शकतो, स्वतःच्या मशीनवर चालवू शकतो. त्यात बिलावर किंवा मालाच्या नोंदीवर नवीन रकाना जोडायला कोड लिहावा लागत नाही, पडद्यावरूनच जोडता येतो. आणि असे जोडलेले रकाने मूळ प्रोग्रॅमपासून वेगळे साठवले जातात, त्यामुळे नवीन आवृत्ती आली की तुमची भर पुसली जात नाही.

लक्षात आलं का, ब्रिकलिनचा फळा, गोयंकांचे कापड गिरणीचे हिशोब, मेहतांचं फर्निचर, तिन्ही ठिकाणी ज्याला त्रास होता त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं ते बनवलं.

मात्र एक बाजू सांगितलीच पाहिजे. खुलं म्हणजे फुकट असं धरू नका. सर्व्हर कुणी सांभाळायचा, बॅकअप कुणी घ्यायचा, आवृत्ती कुणी बदलायची? तीन माणसांच्या दुकानात हे करणारं कुणी नसेल तर ते तुमच्यासाठी साधं नाही, भले कोड कितीही खुला असो. आणि असं सॉफ्टवेअर इतकं काही देतं की पहिल्याच दिवशी सगळे विभाग चालू केले तर माणसं घाबरून परत वहीकडे पळतात.

मग निवडायचं कसं

या सगळ्या इतिहासातून मी माझ्यापुरते पाच प्रश्न काढलेत. कुणी विकायला आलं की हे विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा.

पहिला: माझी सगळी गिऱ्हाइकं, माल आणि बाकी आत्ता, माझ्यासमोर, एका साध्या फायलीत बाहेर काढून दाखवा. पीडीएफ चालणार नाही. सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये उघडून बेरीज करता आली पाहिजे. मराठी नावं युनिकोडमध्ये आली पाहिजेत, तेही उघडून बघा.

दुसरा: माझ्या दुकानात आम्ही ज्याला जे म्हणतो ते नाव इथे देता येतं का? नग, पेटी, पोतं, ब्रास, फूट. मुनीमजींना नवी भाषा शिकावी लागत असेल तर सहा महिन्यांत ते बाजूला वही ठेवायला लागतील, आणि खरा हिशोब त्या वहीत असेल.

तिसरा: एक रकाना जोडून दाखवा. कोण जोडणार, किती वेळ लागणार, किती पैसे? आणि पुढच्या वर्षी नवीन आवृत्ती आल्यावर तो रकाना राहणार का?

चौथा: कर बदलला तर काय होतं? दर एका तक्त्यात बदलायचा असेल तर ठीक. प्रत्येक बिलाच्या नमुन्यात शिरून बदलायचा असेल तर नमस्कार करा आणि चहा पाजून पाठवा.

पाचवा: तुम्ही उद्या नसलात तर? हा प्रश्न थोडा कडू आहे, पण विचारायचाच. स्थानिक माणसाकडून काम करून घेत असाल तर मूळ कोडची प्रत पेन ड्राइव्हवर आपल्याकडे हवी, पैसे देतानाच लिहून घ्यायचं. काम करणाऱ्यावर अविश्वास म्हणून हे म्हणत नाही. सर चांगलेच होते. पण माणूस गाव बदलतो.

या पाच प्रश्नांना कोणतंही सॉफ्टवेअर पैकीच्या पैकी उत्तरं देत नाही. तडजोड करावीच लागते. मला कुणी विचारलं तर पहिला आणि पाचवा प्रश्न मी सोडणार नाही, बाकीच्यांत मागेपुढे होईन. साधेपणा कमी असेल तर माणूस शिकतो, बदलाची सोय कमी असेल तर माणूस जुळवून घेतो. पण कुणाकडून किती येणं आहे हीच माहिती अडकली तर धंद्यात शिकायला किंवा जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. दिवाळीत सप्लायरला पैसे द्यायचेच असतात.

आणि एक छोटं काम आजच करा. तुम्ही सध्या जे काही वापरताय, अगदी मोबाइलवरचं ॲप असलं तरी, त्यातून गिऱ्हाइकांची यादी आणि बाकी बाहेर काढून बघा. निघाली तर पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. नाही निघाली, तर ते ॲप अजून चालू आहे तोवर नवीन शोधायला लागा.

पुढच्या भागात दुकानातल्या बारकोडचा इतिहास बघू. तुमच्याकडे अजून निळ्या स्क्रीनवरचा फॉक्सप्रो किंवा डीबेस चालू असेल तर मला जरूर कळवा, त्याच्या गोष्टी ऐकायला मला फार आवडतील. तोवर, नमस्कार.